गोंदियाहून एका दिवसात: जागा नंतर, आधी महिना सांगा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. साहेबांच्या बदलीमुळे रत्नागिरीहून गोंदियात आलात. घरात दोन लेकरं, सासूबाईंचे गुडघे दुखतात, हाताशी फक्त रविवार, आणि समुद्राची सवय सुटत नाही. सकाळी निघून रात्री जेवायला घरी येता येईल असं पाणी, जंगल, गाव काय आहे, आणि मध्य प्रदेश-छत्तीसगडात शिरायला काही कागद लागतो का, एवढं तुम्ही विचारलंत. पण कोणत्या महिन्यात जाणार, ते लिहिलंच नाही. आमच्याकडे सगळं तिथंच अडतं.

मी १९९७ पासून गोंदिया स्टेशनबाहेर गाडी लावतो. तेव्हा हे शहर भंडारा जिल्ह्यात होतं, १९९९ च्या महाराष्ट्र दिनाला वेगळा जिल्हा झाला. आधी ट्रॅक्स होती, मग सुमो, आता बोलेरो. या एवढ्या वर्षांत पाहुण्यांची जी नाराजी ऐकली, त्यातली बहुतेक जागेबद्दल नव्हती. जागा बरोबर आणि महिना चुकलेला, असंच बहुतेकदा. नागपूरच्या एका कुटुंबाने हट्टाने मे महिन्यात हाजरा फॉल बघायला नेलं. मी दोनदा सांगितलं, काही नाही तिथं आता. त्यांना वाटलं, ड्रायव्हरला उन्हाचा कंटाळा आहे. पोहोचल्यावर काळा कोरडा कडा, खाली हिरवट डबकं आणि चार माकडं. साहेब अर्धा तास माझ्याशी बोलले नाहीत. हेच लोक सप्टेंबरात आले असते तर मला बक्षीस देऊन गेले असते.

हे असं का, ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं ध्यानात राहील. आमची झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भाचा हा जंगलाचा पट्टा, धानाची. इथे पाऊस चार महिने पडतो आणि उरलेले आठ महिने सगळा कारभार ते पाणी अडवण्याचा, पुरवण्याचा. डोंगरावरून सुटलेलं पाणी पावसाळ्यात धबधबा असतं, दिवाळीनंतर तेच तलावात दिसतं, आणि फाल्गुन लागला की नदीत पाणी बारीक होऊन रेती उघडी पडते. पाणी सरकतं तसं आपणही सरकायचं.

आधी तुमच्या समुद्राचं बोलू. समुद्र नाही, पण काठ आहे. शहरातून बालाघाट रोडने उत्तरेला निघालात की वाघ नदी लागते. नदीचं नाव बाघ म्हणा की वाघ म्हणा, दोन्ही चालतं. पुलाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेशातलं रजेगाव. अलीकडच्या घाटाला कोरणी म्हणतात. ही नदी पुढे बिरसोल्याजवळ वैनगंगेला मिळते. बिरसोला बालाघाटच्या रेल्वेमार्गावरचं स्टेशनही आहे. संगमावर जानेवारीनंतर रेती एवढी पसरते की लेकरं पहिल्यांदा बघून गाडी थांबायच्या आधी उडी मारतात. पांढरट, जाड दाण्याची, पायाला थंड. पाणी घोट्यापर्यंत, कुठे गुडघ्यापर्यंत, आणि इतकं निवळ की तळातले गोटे मोजता येतात. खारं वारं तेवढं मिळणार नाही. कोकणातल्या माणसाला त्याची चुटपूट लागेल, पण लाटेची भीती नसलेला काठ लेकरांना जास्त आवडतो, असा माझा अनुभव आहे.

भीती मात्र दुसऱ्या गोष्टीची ठेवा. रेती उपसून जागोजाग खड्डे पडलेले असतात. वरून पाणी सारखंच दिसतं आणि एका पावलात माणूस गळ्यापर्यंत जातो. म्हणून आधी घाटावरच्या ढिवराला, म्हणजे मासे धरणाऱ्याला विचारायचं, कुठे उतरू? डोंगा घेऊन जाळं टाकणारा कोणी ना कोणी असतोच. तो बोट दाखवेल तेवढ्याच पट्ट्यात लेकरं सोडायची. आणि जून ते ऑक्टोबर तिकडे फिरकायचं नाही. वैनगंगा मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते, तिथे संजय सरोवर म्हणून मोठं धरण आहे. इकडे आभाळ मोकळं असलं तरी तिकडून पाणी सोडलं की आमच्याकडे नदी फुगते. ऑगस्ट २०२० चा पूर आमच्या काठच्या गावांनी बघितला आहे.

माझी एक फजिती सांगतो, कारण ती तुमच्या कामाची आहे. सुमो नवीन होती तेव्हाची गोष्ट. एका लग्नाच्या पार्टीने गळ घातली, गाडी पार पाण्याजवळ घ्या. घेतली. येताना मागची चाकं रेतीत बसली ती बसलीच. जेवढा ॲक्सिलरेटर दाबला तेवढी खाली. शेवटी पलीकडच्या गावातला एक पोवार शेतकरी नदीतूनच ट्रॅक्टर घेऊन आला, दोर बांधला, ओढून काढली. पैसे घेतले नाहीत, वर घरी नेऊन चहा पाजला. त्याची बायको आमगावची, म्हणजे महाराष्ट्रातली. बोलणं पोवारीत, शिव्या हिंदीत आणि हिशेब मराठीत. तेव्हापासून गाडी काठावर, झाडाखाली. तुम्हीही तसंच करा.

कागदाचं इथेच सांगून टाकतो. तुमची घरची गाडी असेल तर सीमा ओलांडायला काही लागत नाही, गाडीचे नेहमीचे कागद जवळ असू द्या. भाड्याच्या गाडीला मात्र परराज्याचा परवाना आणि कर भरलेला असावा लागतो. गाडी ठरवताना मालकाला आधीच विचारा, नाहीतर वाटेत अडकल्यावर वाद तुमच्या समोर होतो आणि लेकरं उन्हात तापतात.

आता पावसाळा. जुलैच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत एकच नाव: हाजरा फॉल. सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळ, गोंदियाहून आमगाव-सालेकसा मार्गाने सव्वा ते दीड तास. मुंबई-हावड्याची मुख्य रेल्वेलाईन इथे डोंगरातून जाते, बोगदा आहे, आणि गाडीतून जाताना झाडीत धबधब्याची पांढरी रेघ दिसते. मेमू दरेकसाला थांबते. लेकरांना रेल्वेची हौस असेल तर जाताना रेल्वेने जा, मजा वेगळी. एकच अट: स्टेशनवरून रुळांवरून चालत जायचं नाही. पोरं जातात, फोटो काढतात. वळणावर बोगदा आहे आणि ही देशातली अत्यंत वर्दळीची लाईन आहे. मालगाडीचा आवाज धबधब्याच्या आवाजात मिसळतो, ऐकू येत नाही.

फाटकावर तिकीट आहे, गावची वन समिती ते सांभाळते. तिथली पोरं शिट्टी वाजवून लोकांना मागे हटवतात. शहरातली काही टोळकी त्यांच्याशी हुज्जत घालतात, ते मला अजिबात आवडत नाही. त्या कुंडात दरवर्षी कोणाचा तरी पाय घसरतो. शिट्टी वाजवणाऱ्या पोराला माहीत असतं कुठला दगड शेवाळलेला आहे, आपल्याला नसतं. शक्यतो सकाळी दहाच्या आत पोहोचा. पंधरा ऑगस्टला आणि रविवारी दुपारी तिथे जत्रा असते. सासूबाईंना फाटकाजवळ सावलीत बसवता येईल. पाण्याचा आवाज तिथपर्यंत येतो.

पावसाळ्यात त्याच रस्त्यावर आणखी एक गोष्ट आपोआप बघायला मिळते, ती म्हणजे रोवणी. जुलै-ऑगस्टात दोन्ही बाजूंच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, बायका ओळीने वाकून परे (धानाची रोपं) लावत असतात. चिखलाचा वास, आणि कुठे गाणं चालू असेल तर तेही. थांबा, बघा, पण लांबून. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. दिवसभर पाण्यात वाकलेल्या बाईला आपल्या मोबाईलचं कौतुक नसतं.

सारस बघायचा असेल तर तोही याच बांध्यांत. उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात उंच, जवळजवळ माणसाएवढा. महाराष्ट्रात तो आता गोंदिया आणि आजूबाजूलाच उरला आहे, पलीकडे बालाघाटातही आहे. वैनगंगा आणि वाघ नदीच्या काठाकाठाने त्याचा वावर. पावसाळ्यात धानाच्या बांधीतच गवताचा ढीग रचून घरटं करतो, साधारण दोन अंडी, महिनाभर उबवण. शेतकऱ्याचं थोडं धान त्यात जातं, तरी इथले पुष्कळ शेतकरी त्या कोपऱ्याला हात लावत नाहीत. मला कोणी सारसाचं घरटं जवळून दाखवा म्हटलं की मी नाही म्हणतो, पैसे दुप्पट दिले तरी. माणसं घरट्यापाशी उभी राहिली की जोडी उठते, आणि अंडी उन्हात-पावसात उघडी पडतात. हिवाळ्यात या. परसवाडा, झिलमिली या तलावांकडे पहाटे गेलात तर कडेला धुक्यात जोडी उभी दिसते. दोघं मान वर करून एकदम हाक देतात, ती किलोमीटरभर ऐकू जाते. त्याच तलावांवर थंडीत बाहेरदेशीचे पाहुणे पक्षी असतात, चक्रवाक, पट्टकादंब. दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर गप्प बसून बघा.

हिवाळा हा आमचा खरा मोसम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तुम्हाला वर्षात चारच रविवार मिळणार असतील तर तीन इथे खर्च करा.

पहिला नवेगावबांधला. गोंदियाहून कोहमारा मार्गे साधारण पासष्ट किलोमीटर. रेल्वेने जायचं तर बल्लारशाहच्या लाईनवर देवलगावला उतरायचं. अकरा चौरस किलोमीटरच्या आसपासचा तलाव, चारी बाजूंनी डोंगर, आणि हे पाणी आजच्या धरणांसारखं सिमेंटने अडवलेलं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. कोहळी ही आमच्याकडची तलाव बांधणारी जात. गोंड राजांच्या काळापासून त्यांनी डोंगराचे उतार बघून मातीच्या पाळी, म्हणजे बांध घातले. जो तलाव बांधेल त्याला खालची जमीन, असा तो व्यवहार होता. कोलू पाटलाचा पुढे देव झाला, कोलासूर. पाळीवर त्याचं ठाणं आहे. इंजिनिअरला देव करणारा मुलूख दुसरीकडे कुठे असेल तर मला सांगा. तलावाला वेढणाऱ्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात.

असे तलाव गोंदिया-भंडारा-चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात हजारोंनी आहेत. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी गेली तेव्हा, १९५० नंतर, ते सरकारजमा झाले आणि कागदावर 'माजी मालगुजारी तलाव' असं नाव पडलं. बोलताना सगळे त्यांना मामा तलाव म्हणतात. लेकरांना हे नाव फार आवडतं. त्यांना पाळीवर नेऊन तुडूम दाखवा, म्हणजे पाणी सोडायची मोरी. वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या बोडीत (लहान तळ्यात), मग बांधीत. पुस्तकातला पाठ पंधरा मिनिटांत समजतो. तलावात हिरव्या पानांची चटई दिसली तर ते शिंगाडे. ढिवर लोक डोंग्यातून तोडतात आणि रस्त्याच्या कडेला उकडून विकतात. कोकणात ताजे मिळत नसतील, घ्याच.

नवेगावबांधहून पुढे अर्जुनी मोरगावकडे गेलात तर एका दिवसात तीन वेगळी जगं होतात. प्रतापगडच्या डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष, महादेवाचं देऊळ, आणि जवळच ख्वाजा उस्मान गनी हारूनींचा दर्गा. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते आणि लोक दोन्हीकडे माथा टेकून येतात. त्या दोन दिवसांत गाडी घेऊन जाऊ नका, तीन-चार किलोमीटर आधीच थांबावं लागतं. गोठणगावजवळ इटियाडोह धरण आहे, गाढवी नदीवरचं. त्याच्या पाण्यावर खाली गडचिरोलीतल्या देसाईगंज-आरमोरीपर्यंत धान पिकतं. आणि तिथेच तिबेटी लोकांची वसाहत आहे, नॉर्गेलिंग. आम्ही नुसतं 'कॅम्प' म्हणतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते लोक इथे आहेत. धानाच्या बांधीच्या कडेला रंगीत पताका आणि गोम्पा, म्हणजे त्यांचा मठ बघून पहिल्यांदा येणारा माणूस चक्रावतोच. म्हातारी माणसं माळ ओढत बसलेली असतात. पोरं आमच्याशी झाडीबोलीत बोलतात, 'काहून आलात बाप्पा' म्हणतात. थंडीत तरुण मंडळी स्वेटर विकायला शहरोशहरी जातात, म्हणून हिवाळ्यात गाव जरा रिकामं वाटतं. गोम्पात चपला काढून, आवाज न करता. माझ्या एका गिऱ्हाईकाच्या सासूबाईंनी तिथल्या एका आजीशी हातवारे करत अर्धा तास गप्पा मारल्या होत्या. दोघींनाही एकमेकींची भाषा येत नव्हती, विषय गुडघेदुखी होता. तुमच्याकडे विषय तयार आहे.

या भागात एक नवी खबरदारी. २०२१-२२ पासून ओडिशा-छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळप गडचिरोली आणि अर्जुनी मोरगाव-नवेगावबांधच्या बाजूला फिरताना दिसला आहे. नेहमी असतो असं नाही. पण निघण्यापूर्वी तिथल्या टपरीवर किंवा वनरक्षकाला 'हत्ती कुठे आहेत' हे विचारायची आता सवय लावून घेतली आहे मी. संध्याकाळी सहाच्या आत मोठ्या रस्त्यावर या.

हिवाळ्यातला दुसरा रविवार मंडईसाठी ठेवा. ही निसर्गसहल नाही, पण गाव बघायचं म्हणालात ना? भाऊबीज झाली की झाडीपट्टीतल्या गावागावांत मंडई भरते. एका गावाची आज, शेजारच्याची उद्या. दिवसा दंडार (इकडचं लोकनाट्य), गोंधळ, दुकानं, फुगे, जिलेबी. रात्री नाटक. गावचे लोक आपल्या सोयऱ्यांना मुद्दाम बोलावतात, लेकीबाळी माहेरी येतात. तुम्हाला कोणी ओळखीचं नसलं तरी हरकत नाही, साहेबांच्या ऑफिसातल्या शिपायाला विचारा, त्याच्या गावची मंडई कधी. तो नक्की नेईल आणि घरी जेवायला घालेल. धान कापून झालेलं असतं, माणसांच्या हाती चार पैसे असतात, सगळे मोकळे असतात. नाटक पहाटेपर्यंत चालतं, त्यामुळे लेकरांना घेऊन रात्री थांबू नका, पडदा उघडला की एक अंक बघून निघा.

माघात कचारगडची यात्रा. दरेकसा-धनेगावच्या डोंगरात प्रचंड मोठी नैसर्गिक गुहा आहे, वर छताला भगदाड, त्यातून उजेडाचा खांब खाली उतरतो. गोंड समाजाचं हे उगमस्थान. कली कंकालीच्या तेहतीस लेकरांना इथे कोंडलं होतं, गोंडांचे आदिगुरू पारी कुपार लिंगो आणि जंगो रायतड यांनी त्यांना सोडवलं, आणि दगड सरकवताना हिरासुका पाटालीर त्याखाली दबून गेला, अशी कथा आहे. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून लोक येतात, सात रंगांचा झेंडा, ढोल, 'जय सेवा' हा नमस्कार. त्या दिवसांत गेलात तर पर्यटक म्हणून नाही, पाहुणा म्हणून जा. कोणी 'जय सेवा' म्हटलं तर तुम्हीही तसंच म्हणा. यात्रेच्या बाहेरच्या दिवसात गुहा शांत असते आणि खरं तर तेव्हाच तिचा आकार कळतो. चढ आहे, दगडी पायवाट आहे, सासूबाईंना नको. कपारीत मधमाश्यांची मोहळं असतात. एकदा एका पाहुण्याने आत सिगारेट पेटवली आणि आम्ही सगळे डोंगर धावत उतरलो. पावसाळ्यात वाटेतले नाले अचानक भरतात, म्हणून नोव्हेंबर ते मार्चच.

हा सालेकसा-देवरीचा भाग पूर्वी नक्षलींमुळे बदनाम होता. आता परिस्थिती पुष्कळ निवळली आहे, लोक बिनधास्त येतात-जातात. तरी मी जुन्या सवयीने सूर्य मावळायच्या आत आमगाव गाठतो. त्यात आता भीती कमी आणि अस्वलांचा विचार जास्त असतो.

उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा पंचेचाळिसाला टेकतो, आणि नेमका तेव्हाच नागझिरा चांगला दिसतो. पाणवठे कमी उरतात, जनावरं तिथेच येतात. १९७० सालचं हे अभयारण्य, डिसेंबर २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. गोंदियाहून तिरोड्याकडून चोरखमारा फाटक, साकोलीच्या बाजूने पिटेझरी. पहाटेची सफारी हवी असेल तर घरून साडेतीनला निघावं लागेल. बुकिंग आधी ऑनलाईन करा, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी आहे ते तिथेच दिसेल. पावसाळ्यात जंगल बंद असतं.

वाघाचं आश्वासन देणाऱ्याच्या गाडीत बसू नका. मी स्वतः तरुणपणी एकदा दिलं होतं. त्या दिवशी आम्हाला रानकोंबडा दिसला, आणि तोही पळताना. 'जय' नावाचा प्रसिद्ध वाघ नागझिऱ्यातच जन्मला, पण २०१३ मध्ये तोही इथून चालत उमरेड-कऱ्हांडल्याला निघून गेला आणि २०१६ मध्ये तिथून बेपत्ता झाला. वाघ कमी झाले म्हणून २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून इथे सोडल्या. तेव्हा वाघ दिसला तर नशीब समजा. गवे, रानकुत्र्यांचा कळप, अस्वल, आणि साजाच्या झाडाची मगरीच्या पाठीसारखी साल, एवढं बघून परतायची तयारी ठेवा. लेकरं आठ वर्षांच्या आतली असतील तर चार तासांच्या सफारीत ती झोपतात. त्यापेक्षा चोरखमारा किंवा बोदलकसा तलावाच्या काठी सकाळ घालवा. दोन्ही इंग्रजांच्या काळातले, जंगलाला लागून, आणि तिकीट नाही.

मार्च-एप्रिलमध्ये या रस्त्यांवर मोहफुलं वेचणारी माणसं पहाटे दिसतील. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात, मग टपटप पडलेली फुलं टोपल्यात. एक फूल तोंडात टाकून बघा, गोड आणि किंचित उग्र. अस्वलालाही ते तितकंच आवडतं, म्हणून अंधारात एकट्याने झाडाखाली जाऊ नये.

सीमेपलीकडचं आता. मध्य प्रदेशात तीन ठिकाणं सांगेन. आमगावहून लांजी, तिथे जुना किल्ला आणि कोटेश्वराचं देऊळ. बालाघाटच्या अलीकडे हट्टा गावात दगडी बावडी, मजल्यांची. वरच्या मजल्यात फिरता येतं, खालचं पाण्यात आहे. आत पाय ठेवला की मे महिन्यातही अंग थंड पडतं, म्हणून ही उन्हाळ्यात करायची जागा. आणि बालाघाटच्या पुढे गांगुलपारा, तलाव आणि धबधबा, पावसाळ्यानंतर लगेच. छत्तीसगडात एकच, पण तुमच्या सासूबाईंसाठी: डोंगरगड. गोंदियाहून रेल्वेने सव्वा-दीड तास. बमलेश्वरी देवीचं देऊळ उंच डोंगरावर, हजाराहून जास्त पायऱ्या, पण रोपवे आहे. देखभालीसाठी तो कधी बंद असतो, आधी चौकशी करा. खाली तलाव, समोरच्या टेकडीवर बुद्धाची मोठी मूर्ती. दोन्ही नवरात्रांत गर्दी एवढी की स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा नको. साध्या मंगळवारी-बुधवारी साहेबांनी एक रजा टाकावी, हा माझा सल्ला.

आणि ज्या रविवारी कोणाचाच मूड नसेल, त्या दिवशी चार वाजता चहा पिऊन नागऱ्याला जा. शहरापासून पाचेक किलोमीटर, जुनं हेमाडपंती शिवमंदिर. सासूबाईंना पायऱ्यांचा त्रास नाही, तिथून पुढे कोरणी घाटावर सूर्यास्त.

खाण्याचं विसरत होतो. आमच्या गावरस्त्यांवर तुम्हाला हवी तशी हॉटेलं नाहीत. समोसा, आलुबोंडा, पोहे आणि चहा एवढं सगळीकडे मिळेल. जेवण घरून न्या किंवा आदल्या दिवशी कोणाला तरी सांगून ठेवा. गावात कोणी घरी बनवून देणार असेल तर पावसाळ्यात सात्यांची भाजी मागा. वारुळावर उगवणाऱ्या अळंब्या त्या, श्रावणाच्या सुमारास बाजारात येतात आणि मटणाच्या भावाने जातात. स्वतः जंगलात तोडायला जाऊ नका, विषारी कोणती हे ओळखणारा डोळा लागतो. बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, कोचईच्या (अळूच्या) पानांची पातोडी, तलावाची मरळ, लहान झिंग्यांची चटणी. तुम्ही मासे खाणारी माणसं, तुम्हाला मरळीचा रस्सा आवडेल. तुमच्या सुरमईशी तुलना मात्र करू नका. आमच्या माणसाला राग येतो.

गाडीत ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत. जास्तीचं पाणी, कारण जंगलाच्या बाजूला बाटली मिळत नाही. सुटे पैसे, कारण दरेकसा-धनेगावकडे मोबाईलला रेंज नसते आणि त्यामुळे फोनवरून पैसे देणं चालत नाही. लेकरांचे कपड्यांचे दोन जोड, पाणी दिसलं की ती ऐकणार नाहीत. जून ते सप्टेंबर आभाळ गडगडलं की बांधीच्या धुऱ्यावरून (बांधावरून) किंवा एकट्या झाडाखालून ताबडतोब गाडीत. दरवर्षी रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे विजेने माणसं जातात.

तर आता मला महिना कळवा. पौष असेल तर पहिला रविवार परसवाड्याचा ठेवू. पहाटे साडेपाचला निघायचं, सासूबाईंसाठी एक खुर्ची गाडीत टाका, आणि थर्मासमध्ये चहा. सारस नऊच्या सुमारास तलाव सोडून बांधीकडे निघतात, तोवर आपण काठावर बसलेलो असू.